मानसिंगचं दुर्बिणीचं ऑपरेशन

मानसिंगला माणसं सहन होत नसत, आणि माणसांनाही तो. फौजेत ट्रक हाकून परत आला नि कुपवाडच्या एका फाउंड्रीत वॉचमन म्हणून लागला. गेटवर बसून बिड्या ओढायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसायचं, एवढंच त्याचं काम. घरी बायकोशी, अंजनाशी, त्याच सुरात बोलणं.

शहाण्णव साली त्याच्या पित्ताशयात खडे निघाले. सांगलीच्या डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं. बारीक भोकं पाडायची, दोन-तीन दिवसांत घरी. भूल देणाऱ्या भार्गवी डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "बिडी?"

"सोडली की. लय दिवस झालं."

"खोटं हाय, बाई," मागून अंजना म्हणाली. "आत्ता बाहेर ओढून आलेत. ह्यो माणूस मरस्तवर सोडायचा न्हाई."

"तुला कुणी इचारलं गं?" मानसिंग गुरकावला.

डॉक्टर म्हणाल्या, "ऑपरेशन पुढे ढकलू. पोट फुगवायला आम्ही वायू भरतो. तो रक्तात उतरतो आणि तुमच्या फुफ्फुसांनाच तो बाहेर टाकावा लागतो. आधी बिडी बंद."

"फौजेत लडाखच्या इरळ हवेत चालली माझी फुफ्फुसं, म्याडम!"

घरी आल्यावर अंजनाला त्यानं नको नको ते ऐकवलं. बिडी चालूच राहिली. पुढच्या खेपेला तिला घरी ठेवून त्यानं चुलतभाऊ नानासोला सोबत नेलं, आणि डॉक्टरांपुढं म्हसवडच्या सिद्धनाथाची शपथ घेतली. सोडली म्हणजे सोडली.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्याचा हात पोटावर गेला. बरगडीखाली लांबलचक पट्टी होती.

"पोट फाडलं माझं! फसवलं!"

"बाहेर येणारा श्वास मशीनवर बरा दिसत होता," भार्गवी डॉक्टर म्हणाल्या. "तरी मला शंका आली, म्हणून मनगटातून रक्त काढून तपासलं. त्यात तो वायू कितीतरी जास्त साठला होता. श्वास वाढवून पाहिले, उतरेना. शेवटी वायू सोडून दिला नि पोट उघडलं. बिडी सोडली होती ना तुम्ही?"

मानसिंगनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि टाके ओढून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घरून आलेली अंजना पेज घेऊन दारात उभी होती.

"खोका आता," ती म्हणाली.

तिचं 'मरस्तवर' त्याच्या डोक्यात घुसून बसलं होतं. घरी परतल्यावर त्यानं बिड्यांचा कट्टा तिच्यासमोर चुलीत टाकला. "बघ!"

"बघितलं." ती तांदूळ निवडत राहिली.

त्यानं खरंच पुन्हा बिडी ओढली नाही. पण तोंडात बिडी नसली की शिव्या जास्त येत. भाजी, पाणी, तिचं चालणं, सगळ्यावर तो तुटून पडे. दिवाळीआधी अंजना वाईला भावाकडं गेली ती आलीच नाही.

तो बरेच दिवस थांबला. मग नानासोला धाडलं. "सांग तिला, अजून शिवलो न्हाई बिडीला."

नानासो दुसऱ्या दिवशी एकटाच परतला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बिडीचा तरास डॉक्टरांना व्हता. मला त्येंचा व्हता."

मानसिंगनं नानासोलाच आईबापावरून शिव्या घातल्या, दार आपटलं आणि तसाच ड्यूटीवर गेला.