पाराटेनेच्या मागे उभी राहणारी आत्या

पाराटेनेने पक्ष चार बदलले, बायका दोन केल्या. पण भाषणानंतर मागे उभी राहून गाणारी एकच, हारिआता आत्या. आम्हा न्यूझीलंडच्या माओरींत भाषण संपलं की बोलणाऱ्याच्या माणसांनी उठून गायचं असतं. कुणीच उठलं नाही, तर तो मंत्री असो की संत्री, उघडा पडला.

या आईवेगळ्या पोराला आत्याने मासळीच्या कारखान्यात राबून वाढवलं. विशीत तो गावची जमीन घ्यायला आलेल्या सरकारी मोजणीदारांच्या गाडीपुढे आडवा झाला, तेव्हा पोलिसांसमोरच तिने सूर लावला होता. पुढे तो खासदार झाला. निम्मा देश त्याला वाघ म्हणे, निम्मा गुंड. आत्या म्हणे, "आमचं ध्यान!"

मग ध्यान मंत्री झालं आणि गावच्या किनाऱ्यावरची वाळू उपसायच्या परवान्यावर त्यानेच सही ठोकली. गाव त्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवर वाढलेलं. सगळे भडकले. त्यातच गावच्या सभाघराच्या नव्या छपराच्या उद्घाटनाला तो यायचा होता.

त्या दिवशी स्वयंपाकघरात रताळी सोलताना आत्याच्या धाकट्या बहिणीने, तेरिनाने, विचारलंच, "ताई, उठणारेस का त्याच्यासाठी?"

"गुडघे दुखतात गं."

"परवा लग्नात नाचताना नव्हते दुखत!"

"नाही उठले तर पोराचं नाक कापलं जाईल, उठले तर माझं. काय करू, सांग!"

तेरिनाने आणखी एक रताळं तिच्यापुढे सरकवलं.

अंगणात पाराटेने झकास बोलला. नोकऱ्या, रस्ते, दवाखाना. लोक खाली मान घालून बसलेले. शेवटी तो म्हणाला, "आज आजोबा असते, तर त्यांनीही हीच सही..."

आत्याचं डोकं फिरलं. आजोबा म्हणजे तिचा बाप! ती ताडकन उठली आणि त्याचं वाक्य तोडून तिने बापाचंच गाणं सुरू केलं, किनाऱ्यावरच्या एकेका खडकाचं नाव घेणारं. बोलणारा वाहवला की आमच्या म्हाताऱ्या त्याला असंच गप्प करतात. तेरिना उठली, मग बायका, मग पुरुष. सगळं गाव पाराटेनेच्या मागे उभं राहून गात होतं आणि मंत्रिमहोदयांचं तोंड उघडंच. तिसऱ्या खडकापासून तेही गाऊ लागले. तिनेच शिकवलं होतं ना!

गाणं संपल्यावर तो कुजबुजला, "आत्या, भाषण राहिलं की माझं."

"ती सही मागे घे, मग बोल हवं तेवढं. मी बसून ऐकेन."

"पण माझ्यासाठी उठलीस ना?"

"तुझ्यासाठीच उठले रे गाढवा. तुला एकट्याला कसं उभं ठेवू?"

पाराटेनेने सर्वांदेखत डोळे पुसले आणि तिचा हात धरून तो जेवायला गेला.