बँड कोणालाच नको होता

माझ्या थोरल्या मुलीच्या विवाहात मी बँड ठरवला नाही, कारण संपूर्ण वऱ्हाड प्रांताला तो नको होता. हे मला संपूर्ण वऱ्हाडाने स्वतः सांगितले होते.

संपूर्ण वऱ्हाड त्या काळी, म्हणजे महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले तेव्हा, अकोल्यास जठारपेठेतील आमच्या देवळाच्या ओट्यावर बसत असे. आम्ही काही समवयस्क संस्कृताभ्यासक सायंसंध्या आटोपून तेथे जमत असू. सिनेगीते वाजवणाऱ्या बँडने मंगलकार्याचे पावित्र्य नष्ट केले, यावर आमचे एकमत होते. (ज्याचे मत निराळे असे, तो दुसऱ्या दिवसापासून मारुतीच्या पारावर बसे, त्यामुळे आमचे एकमत उत्तरोत्तर दृढ होत गेले.)

मी स्वभावतः संशयी आहे. या थोरलीचा, कुसुमचा, विवाह ठरला तो मोर्शीच्या दौलतरावांच्या मुलाशी. घरी संत्र्यांच्या बागा. तेव्हा मी ओट्यावरच शहानिशा केली.

"नानासाहेब, मोर्शीच्या लोकांनाही बँड नकोच असेल?"

"छे! मोर्शीत तर आता बँडचे नावही काढत नाहीत."

"आपणांस कोणी सांगितले?"

"आबाजींनी."

आबाजीही ओट्यावरचेच. त्यांना मी एकांतात गाठले. त्यांना ही वार्ता एका अत्यंत विश्वसनीय गृहस्थाकडून कळली होती. बराच आग्रह केल्यावर त्यांनी नाव सांगितले. ते माझेच होते. माझा संशय पूर्णतः फिटला.

कुटुंबाचा मात्र फिटेना. "अहो, मोर्शीवाल्यांले बँड लागते."

"अगं, सारे अकोला म्हणते आहे."

"सारं अकोला म्हंजे ओट्यावरचे तुमचे म्हातारेच न?"

एवढे बोलून ती एकाएकी गप्प झाली. तिचे गप्प होणे मला तेव्हाच शंकास्पद वाटले. त्यानंतर ती बांगड्या आणण्याच्या निमित्ताने वारंवार बाहेर जाऊ लागली आणि रिकाम्या हाताने परत येऊ लागली. विवाहाच्या दिवशी तर निराळाच प्रकार. दुपारी कोठीघरात डोकावलो तो बुंदीच्या लाडवांची एक परात रिकामी! मी आचाऱ्यावर नजर ठेवली. आचाऱ्याने, मी पुनःपुन्हा कोठीघरात का येतो म्हणून, माझ्यावर ठेवली.

मुहूर्त गोरज होता. दिवस कलू लागताच वरास आणण्यासाठी आमचे मंडळ जानवशाकडे निघाले. शुभ्र धोतरे, खांद्यावर उपरणी, अधोवदन, मंद पावले आणि मुखाने धीरगंभीर स्वरात शांतिमंत्र. वाटेत एका टांगेवाल्याने टांगा थांबवून टोपी काढली. मला त्याच्या सुसंस्कृतपणाचे कौतुक वाटले.

जानवशाच्या दारात दौलतराव उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग आमच्या मागे पाहिले. पुढे येऊन हलक्या आवाजात विचारले, "गुरुजी, कोनी वारलं काय हो?"

"नाही, नाही. आम्ही वरास नेण्यास आलो आहोत."

"आन् बँड?"

"बँड आता कोणासच आवडत नाही," मी नम्रपणे निवेदन केले.

"कोन म्हनते?"

"सारे वऱ्हाड."

"मंग मोर्शी काय मद्रासात हाये? माह्या एकुलत्या एक पोराले मी असा मुकाट्यानं नेऊ? बागेतले गडी इचारतील, कावून मालक, पोरगं लग्नाले नेलं होतं का दवाखान्यात? बँड आल्याबिगर नवरदेव उठत नाही."

नवरदेव घोडीवर बसण्यास उठला होता, तो पुन्हा गादीवर बसला.

सूर्य खाली चालला होता. घरी माझी लेक मुंडावळ्या बांधून बसली होती, आणि येथे माझे एकमत मुहूर्त गिळीत होते. दौलतराव हे वऱ्हाडाचे अपवाद असावेत, असा मला दाट संशय आला. मी मंडळाकडे वळलो. "नानासाहेब, आपण यांस समजावा."

नानासाहेब उपरण्याशी चाळा करू लागले. "समजावले असते हो. पण माझ्या धाकटीच्या लग्नात बँड होता. आपण आजारी होतात, म्हणून बोललो नाही."

"आबाजी, आपण?"

"आमच्याकडे दोन होते," आबाजी पुटपुटले. "पण ओट्यावर सगळ्यांचे एकमत पाहिले, म्हटले आपणच तेवढे चुकलो असू."

माझ्या पायांखालील ओटा सरकला. इतक्यात रस्त्याच्या टोकाकडून ढोलाचा दणका आला. लाल कोट घातलेला अख्खा बँड वाजत येत होता आणि पुढे, पदर खोचून, आमचे कुटुंब. आमच्या घराशेजारच्या गोठ्यात तिने दुपारपासून त्यांस दडवून ठेवले होते. बँडमास्तरांच्या मिशीला बुंदी चिकटलेली होती. (आचाऱ्याची मी मनोमन क्षमा मागितली.)

नवरदेव कोणी न सांगता घोडीवर चढला. दौलतरावांनी मला मिठी मारली. "गुरुजी, मस्करी करून राहिले होते काय?" नानासाहेबांनी बँडमास्तरांस जवळ बोलावून एका सिनेगीताची फर्माईश केली. त्यांस त्याचे दुसरे कडवेही पाठ होते, याची मी नोंद घेतली. गोरज मुहूर्त साधला, अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ओट्यावर मंडळ जमले.

"काल मंगलाष्टकांनी लोक भारावले," नानासाहेब म्हणाले. "बँडकडे कोणाचे लक्षच नव्हते."

आबाजींनी मान डोलावली. मी संशयी माणूस, प्रत्येकास निरनिराळे गाठून विचारले. एकमत झाले.

घरी येऊन मी कुटुंबास सांगितले, की बँड कोणालाही आवडला नाही. सबब धाकटीच्या विवाहात तो असणार नाही.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "लाडू दोन पराती जास्तीचे करू."