वर्षाच्या बॅगेत सगळं डबल असायचं

माझ्या बायकोनं मला आयुष्यात पहिल्यांदा हाक मारली ती "ओ दादा" अशी.

वर्षाला जाऊन आज एक वर्ष झालं.
रडकी पोस्ट लिहिणार नाही. तिला चाललीच नसती.

ती वेडिंग फोटोग्राफर होती. नागपुरात या लाईनमध्ये बाई दिसली की लोक वळून बघायचे, तेव्हापासूनची. मीही हेच काम करायचो, पण आमची ओळख नव्हती.

कळमेश्वरला एक लग्न होतं. मे महिना, भर दुपार. मुलाकडचा फोटोग्राफर मी, मुलीकडची ती.

एका मांडवात दोन फोटोग्राफर म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्यांना विचारा. सकाळपासून आम्ही एकमेकांच्या फ्रेममध्ये घुसत होतो. तिच्या कोपराचा प्रसादही मला मिळाला होता.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं.
आणि माझा कॅमेरा बंद पडला.

बॅटरी काढून घातली. कार्ड काढून घातलं. स्क्रीनवर नुसतं 'एरर'.

दुसरा कॅमेरा माझ्याकडे नव्हता. एकावरच सगळी लग्नं निघत होती, म्हणून कधी गरज वाटली नव्हती.

हार पुन्हा घालून घेता येतात हो. पण अंतरपाट खाली येतो तेव्हा ती दोघं एकमेकांकडे जे बघतात, ते "वन्स मोअर" म्हणून होत नाही.

नवरदेवाचे काका माझ्याकडेच बघत होते. मला दरदरून घाम.

तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून आवाज आला.

"ओ दादा! काहून थांबले?"

"बंद पडला."

"मंग दुसरा काढा ना!"

"नाही आणला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी नवरदेवालाच घरी विसरून आलो होतो.

मग खांद्यावरचा आपला दुसरा कॅमेरा काढला आणि भटजींच्या पाठीमागून माझ्या हातात दिला. वेगळ्या कंपनीचा. माझी एकही लेन्स त्याला बसणार नाही, बटणं सगळी अनोळखी.

"सेटिंगले हात नका लावू! नुसतं बटन दाबा!"

अंतरपाट खाली आला. मी बटण दाबत राहिलो.

आता गंमत अशी, की नवरीचा चेहरा माझ्या बाजूनं दिसत होता. वर्षाच्या बाजूनं तिची नुसती पाठ. अंतरपाट सरकताच ती मुलगी जे काही हसली!
तो फोटो पुढे तिच्या आईनं मोठा करून हॉलमध्ये लावला.

जेवणाच्या वेळी कॅमेरा परत द्यायला गेलो.

"तुम्ही नसत्या तर आज मार खाल्ला असता मी."

"खायलेच पाह्यजे होता," ती म्हणाली. "मशीन हाय ते. कधी ना कधी बंद पडनच."

आणि तिनं बॅग उघडून दाखवली. फ्लॅश डबल. चार्जर डबल. कार्डं, केबल, बॅटऱ्या... आणि एक जादा चपलेचा जोड.

तिचे बाबा कळमन्याच्या मार्केट यार्डात धान्याचे अडते. ते म्हणायचे, "आमच्या यार्डातली गोणी हलकी लागते हिच्या बॅगेपरीस."

पुढच्या आठवड्यात ती मला सीताबर्डीत सेकंडहँड कॅमेरा घ्यायला घेऊन गेली. दुकानदाराशी घासाघीस तिनंच केली. नंतर चहा पिताना मी धीर करून म्हटलं,

"दादा नका म्हणू आता."

"मंग का म्हणू?"

"मनोज."

"बरं." चहाचा घोट. "मनोज, चार्जर बी डबल घेऊन ठेव गा."

मी इतका खूश झालो, की चार्जर आणायचं राहूनच गेलं.

आमच्या रिसेप्शनला आमचा दोस्त पिंट्या फोटो काढत होता. ऐन गर्दीत त्याचा फ्लॅश गेला. शालू नेसलेली नवरी खाली वाकली आणि स्टेजवरच्या खुर्चीमागून बॅग ओढली.

माझ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अवं वर्षे, आजच्या दिवस तरी ठेव वं ते!"

"आई, अंधारात कोन दिसन वं?"

सगळा हॉल हसला. पिंट्याला फ्लॅश मिळाला. आमचा अल्बम मस्त झाला.

नंतर आम्ही सगळी लग्नं जोडीनं केली. कुणाचं काही अडलं की फोन वर्षाला. "ताई, लेन्स पडली." "ताई, कार्ड उघडत नाही." ती ओळखीचा-अनोळखीचा बघायची नाही. नागपुरातल्या कितीतरी अल्बममध्ये तिच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो आहेत, आणि त्या घरांना तिचं नावही माहीत नाही.

मग कॅन्सर निघाला.

केमो चालू असताना तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आलं. डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ बसून या.
ती बसणाऱ्यातली नव्हती.

वरात निघाली. बँड सुरू झाला. आयुष्यभर वरातीपुढे उलटं चालत तिनं दुसऱ्यांचे नाच टिपले होते. त्या दिवशी तिनं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला.

"धर. मी नाचून राहिली आज."

"वर्षा, दम लागेल."

"लागू दे."

डोक्याला पिवळा स्कार्फ, दोन्ही हात वर. मैत्रिणीला ओढलं, नवरदेवाच्या आजीला ओढलं. बँडवाला ट्रम्पेट घेऊन तिच्याच भोवती फिरायला लागला. मी तिला इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

मी फोटो काढत राहिलो.

घरी आल्यावर तिनं ते स्क्रीनवर मोठे करून बघितले.
"मनोज, हायलाईट उडवले ना बापा तू."

"डिलीट करू?"

"हात नको लावू. लय भारी दिसून राहिली मी."

त्यातलाच एक फोटो सोबत टाकतोय. हायलाईट उडालेला, म्हणजे उन्हानं अर्धा पांढरा झालेला.

वर्षा, खूप मजा आली तुझ्यासोबत.
नाचत राहा वं.

तुला आमच्या सगळ्यांचा हसून, मन भरून निरोप.