मामाने पाठवलेली रिकामी खेप

आमच्या मामाला घरात कुणी रिकाम्या हाताने फिरलेलं खपत नाही. पाणी प्यायला उठलात तर जाताना टेबलावरचे कप न्यायचे, कचरा टाकायला उतरलात तर येताना दूध आणायचं. मामी सांगते, "मी माहेरी निघाले तरी यांची इस्त्रीची पिशवी हातात. वाटेत टाकायला."

मामा विमानं भाड्याने देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. विमानं चारच. कुठलं कधी कुठे जाणार, ते मामा ठरवतो. गिऱ्हाइकाला सोडून विमान परत येतं ते रिकामं, पण इंधन आणि वैमानिक काही अर्ध्यात पडत नाहीत. त्या परतीच्या खेपेला कमी भाड्यात कुणीतरी मिळवायचं, यात मामाची एकवीस वर्षं गेली.

फोनवर त्याचा आवाज नाकातून आणि सावकाश. "सांगतो ना... सांगतो... बहुधा होईल." नेलेलं गिऱ्हाईक विमान सोडल्याचं लेखी कळवत नाही, तोवर परतीच्या खेपेबद्दल 'बहुधा'च म्हणायचं, हा त्याचा नियम. नव्या पोरांना ऐकवतो, "बहुधा म्हणायला जीभ झिजत नाही."

शनिवारी एका शिक्षिकेचा फोन आला. तिच्या वडिलांना मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, तिथली खाट रविवारी संध्याकाळी सहापर्यंतच राखलेली. रस्त्याने नऊ तास, त्याला डॉक्टर तयार नाहीत. तिच्या गावी एका ठेकेदाराला घेऊन मामाच्या कंपनीचं विमान गेलंच होतं, रविवारी दुपारी रिकामं परतणार होतं. बाई रडल्या नाहीत. पेपर तपासावा तसं एकेक विचारत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "बहुधा म्हणजे काय? डॉक्टरांना मी काय सांगू?"

आणि मामाने लेखी कळवलं, नक्की.

रविवारी सकाळी ठेकेदाराने विमान सोडलंच नाही. तेच घेऊन तो पुढच्या गावाला निघून गेला, पैसे मोजून. दुसरं विमान इथे उभं होतं, पण ते तिथवर रिकामं न्यायला हवं. घरी मामाच्या चहावर साय धरली तरी तो कागदच चाळत होता, म्हणून मालकाचा फोन त्याने स्पीकरवर घेतला. मालक दात घासता घासता बोलावं तसा बोलतो. तो आवाज मी काढला की एरवी मामी पोट धरून हसते. बाईंकडून जाण्यायेण्याचं पूर्ण भाडं मागा, नाहीतर नाही म्हणून कळवा, असं त्याचं म्हणणं. मामाने सांगितलं, तिने जमवलं तेवढंच आहे.

"ती बाई तुमची आत्या लागते का हो?"

"नाही साहेब. शब्द दिलाय आपण."

"आपण नाही. तुम्ही."

मामाने हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाला, "मी विमान पाठवतोय."

"पाठवा. उद्या येताना ऑफिसच्या किल्ल्या घेऊन या."

फोन बंद झाला. मामी ओट्याशी होती, तिने नुसता नळ बंद केला. मामाने लगेच वैमानिकाला फोन लावला. परतीला किती जण, असं त्याने विचारलं. दोन, त्यातला एक झोपून, मामा म्हणाला. आणि जाताना? "तू आणि तुझा जोडीदार. भांडू नका."

एवढाच काय तो विनोद त्या दिवशीचा.

दोन वाजता बाईंचा फोन. आम्ही अॅम्ब्युलन्समधून निघालोय, म्हणाल्या. मग अडखळत, "एक विचारू? नाहीतरी तुमचं विमान रिकामंच परतणार होतं. थोडं कमी होईल का?"

मामीने मामाकडे पाहिलं. तो नाकातून "सांगतो ना" म्हणायला लागला आणि मध्येच त्याचा घरचा आवाज आला. "नाही हो बाई, त्यात आता काही सुटत नाही. बाबांचे रिपोर्ट तेवढे सोबत घ्या."

"विमान नक्की येतंय ना?"

"नक्की."

चार वाजून दहा मिनिटांनी निरोप आला, पेशंटला घेऊन निघालो. मामाने तो मोठ्याने वाचला. मग दाराजवळच्या खिळ्यावरचा जुडगा काढला, ऑफिसच्या दोन किल्ल्या नखाने ओढून वेगळ्या केल्या, टेबलावर ठेवल्या आणि पाणी प्यायला उठला. सकाळचा कप तिथेच होता.

"अहो, जाताच आहात तर हा..." मामी म्हणाली आणि थांबली.

मामा रिकाम्या हाताने आत गेला. तसाच परत आला, पाणी न पिता.