बर्फवाला सरपंच

कुठेही भांडण सुरू झालं की तो आधी खाली बसायचा. रस्ता असो, बंदर असो, लग्नाचा मांडव असो. पँट गुडघ्यापाशी वर ओढायची, मांडी घालायची आणि म्हणायचं, "बसून बोलू." उभा माणूस बसलेल्यावर किती वेळ ओरडणार? थोड्या वेळाने तोही बसायचा. पुढारी तुम्हीही पाहिले असतील. ते खुर्ची आल्याशिवाय बसत नाहीत.

तो आमच्यातला नव्हता. रोह्याच्या पलीकडून, डोंगरातून, आमच्या खाडीकाठच्या गावात बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला आला. पुढे स्वतःचा टेम्पो घेतला आणि होड्यांना बर्फ पुरवू लागला. हात कायम गार आणि लाल. पहिल्यांदा मत मागायला आला तेव्हा त्याने माझे हात धरले. मी म्हटलं, "सोड रे. ताप आल्यावर पट्टी ठेवतात तसं वाटतंय."

"काकी, गावाचा ताप उतरवायलाच उभा हाय मी."

कपबशी निशाणी होती. आधी सदस्य झाला, मग सरपंच. बाहेरचा माणूस सरपंच झाला म्हणून पुष्कळांनी तोंडं वाकडी केली, पण पाण्याची लाइन त्यानेच आमच्या आळीपर्यंत आणली. बर्फाचा धंदा मात्र सोडला नाही. दाखले मागणारे त्याला बंदरावरच गाठायचे, आणि सही केलेला कागद ओला मिळायचा.

मग त्याने घोळ घातला.

मांडव्याला बोटीतून उतरलेले, मुंबईहून गाड्या घेऊन आलेले पाहुणे नागावला जाता जाता आमच्याकडेही वळू लागले होते. गाड्या लावायला जागा नव्हती. सरपंचाला समुद्राकडेची मोकळी जागा दिसली. तिथे पार्किंग करायचं, पंचायतीला उत्पन्न होईल, पोरांना काम मिळेल. त्याला निवडून आणणारे पॅनेलवाले खूश. ठरावाची तयारी झाली.

ती जागा आमची मासळी सुकवायची. मी जन्मभर तिथे बोंबील टांगले, जवळा पसरला, आणि त्यावर घर चालवलं. आमच्या आळीतल्या बहुतेक बायकांचं तसंच. ती जागा गेली असती तर आम्ही काय गाड्या पुसणार होतो?

मी थेट बंदरावर गेले. तो टेम्पोतून लाद्या उतरवत होता. मला बघताच खाली बसला.

"काकी, बसून बोलू."

"मी न्हाय बसायची, गुडघे दुखतात. तूच ऊठ. ती जागा तू कधी बघितलीस?"

"आषाढात. साहेबांना घेऊन गेलो होतो. सगळी रिकामी होती."

"आषाढात होड्या बंद असतात रे. तेव्हा मीपण रिकामीच असते. मलापण पार्किंगला देतोस काय?"

टेम्पोवरचा हमाल हसला. सरपंच हसला नाही. उठून उभा राहिला.

"मग काय करू?"

"ठराव थांबव. कार्तिकात ये. बसायची एवढी हौस हाय तर तिथे येऊन बस."

कार्तिकात तो खरंच आला. चर्चा होईल असं त्याला वाटलं असावं, पण बोलायला कोणाला वेळ होता? तो ऐन मधोमध बसला. टोपल्या आल्या तशा बायका म्हणाल्या, "सरपंच, तिकडे सरका." तो सरकला. तिथे जवळा पसरला. पुन्हा सरकला, तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील चढले. पुन्हा सरकला. सरकत सरकत तो दुपारपर्यंत डांबरी रस्त्यावर गेला, आणि एका रिक्षावाल्याने त्याला भोंगा मारला.

जाताना म्हणाला, "काकी, माझा बर्फ न घेणाऱ्या एवढ्या बायका गावात हायेत, हे मला ठाऊकच न्हवतं."

"बर्फ होडीवाल्यांना लागतो. आम्हाला ऊन लागतं."

ग्रामसभेत तो उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी गुळमुळीत बोलेल. तो म्हणाला, "जागा मी पावसाळ्यात बघितली. चुकलो. पार्किंगचा ठराव मागे घेतो. ती जागा मासळी सुकवायला राहील."

पॅनेलचा प्रमुख लाल झाला. "सरपंच, ठराव तुमचाच हाय ना? लोक हसतील."

"माझाच हाय, म्हणून मीच मागे घेतो. हसू देत."

पुढारी माणूस चारचौघांत चुकलो म्हणाला, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर ऐकलेलं नाही.

त्याचे परिणाम व्हायचे ते झाले. पुढच्या निवडणुकीला पॅनेलने त्याला बाजूला केलं. तो एकटा उभा राहिला आणि पडला. पुष्कळ बायकांनीही त्याला मत दिलं नाही. नवऱ्यांनी सांगितलं तिथे बटण दाबलं. मी त्यांना तोंडावर बोलले, इथेही लिहिते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हा टेम्पो घेऊन आळीतून गेला. "मत दिलं न्हाय तर न्हाय, बर्फ तरी घ्या!"

पद गेलं तरी अलिबागच्या सरकारी कचेरीतल्या त्याच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मासळी वाळूत सुकते, त्यात कुत्री फिरतात, भाव पडतो. म्हणून सिमेंटचे ओटे हवेत, असं त्याने डोक्यात घेतलं होतं. कचेरीतले म्हणायचे, तुम्ही आता कोण? हा म्हणायचा, "बर्फवाला." वर्षानुवर्षं असंच चाललं. मंजुरी आली तेव्हा तो छातीच्या दुखण्याने जाऊन काही महिने झाले होते. मी त्याच्यासाठी रडत बसले नाही. त्याची बायको तरी कुठे बसली? ती टेम्पो चालवते.

ओटे यंदा बांधून झाले. चांगले झालेत, उताराचे, पाणी थांबत नाही. माझी सूनही आता तिथेच मासळी लावते. परवा नवे सदस्य फीत घेऊन आले. त्यांच्यातला एक जण भला आहे. मला म्हणाला, "आजी, बर्फवाल्या सरपंचांच्या नावाची पाटी लावू या. कुठे लावू?"

मी बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील, जवळा, वाकट्या.

म्हटलं, "बाबा, जागा कुठे हाय?"