कौलाला बसलेलं जोडपं

आमच्याकडे कोणाचं बिनसलं की होड्या वर ओढेपर्यंत थांबतात. दर्या बंद झाला की पुरुषमाणसं मोकळी होतात, आणि मोकळ्या पुरुषांना बैठक घ्यायला फार आवडतं. माझ्या थोरल्या बहिणीचा संसार मोडायचा की ठेवायचा हे ठरवायलाही सगळे मे महिना सरायची वाट बघत होते. अक्का तिच्या लहान मुलीला घेऊन शिमग्यापासून आमच्याकडे मालवणात येऊन राहिली होती. जाळी धुऊन, सुकवून माळ्यावर चढेपर्यंत तिच्या दुःखाला कोणाकडे वेळ नव्हता.

तिला देवबागेत दिली होती. भावोजी माणूस वाईट नव्हता, आणि हीच तिची मोठी अडचण होती. मारत नव्हता, पीत नव्हता, घरात काही कमी पडू देत नव्हता. फक्त त्याला ती नको होती. लग्नाआधी त्याच्या मनात दुसरी मुलगी होती. बापाच्या शब्दाखातर तो बोहल्यावर उभा राहिला आणि हे त्याने अक्काला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. त्यापेक्षा खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. पुढची काही वर्षं तो वाढलेलं जेवला, दिलेलं प्यायला आणि तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. हळूहळू तिलाही तो नकोसा झाला.

कुडाळला एका शिवणाच्या दुकानात तिला काम मिळत होतं, जवळच भाड्याची खोलीही बघून ठेवली होती. मुलीला घेऊन तिथे राहायचं, एवढंच तिला हवं होतं. भावोजीची ना नव्हती. वकिलानेही सांगितलं होतं, दोघांची संमती आहे म्हटल्यावर कोर्टात फार ओढाताण होणार नाही.

पण कोर्टाची पायरी चढायची म्हटल्यावर मामा आडवा आला. वडील गेल्यापासून मामाच आमचा कर्ता होता. त्याचा आमच्यावर जीव होता, हे मी आजही दातओठ खात का होईना, पण कबूल करते. घरातलं घरात मिटवू, म्हणून त्याने आमच्या ओसरीवर बैठक बोलावली. अक्काचा सासरा आला, दोन्हीकडची जाणती माणसं आली. भावोजी खांबाला टेकून बसला, अक्काला दाराशी उभी केली आणि मामाने सुरुवात केली.

"मारता?"

"नाय," अक्का म्हणाली.

"दारू पिता?"

"नाय."

"मगे काडीमोड कित्याक व्हयी?"

"तो माझ्याशी बोलणा नाय."

ओसरीवर हशा पिकला. एकजण म्हणाला, माझी बायको बोलायची थांबली तर मी देवाला नारळ ठेवीन. तो नारळ त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं. अक्का मात्र खाली बघत राहिली. भावोजीला विचारलं तेव्हा तोही म्हणाला की मला काही तक्रार नाही, पण आम्हाला वेगळं करा. तक्रार नाही आणि वेगळं करा, हे गणित ओसरीवरच्या कोणालाच सुटेना. अशा आणखी एक-दोन बैठका झाल्या. चहा झाला, पानसुपारी झाली, ठरलं काहीच नाही. शेवटी सासरा म्हणाला, आपण देवाला विचारू. देव सोडव म्हणाला तर मी आड येणार नाही.

मामाच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. अक्काही तयार झाली. माणसांनी हसून घेतलं, देव निदान हसणार नाही, असं ती मला म्हणाली.

कौल लावायची आमची रीत साधी. देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्यांच्यासाठी कौल लावला, त्यांनी पाकळी पडेपर्यंत समोरून उठायचं नाही. जोडपं असेल तर दोघांनी एकाच चटईवर बसायचं, मग ते एकमेकांपासून सुटायला आलेलं का असेना.

ठरल्या दिवशी देवळात दोघं चटईवर बसली आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं. ही दोघं वेगळी होऊ मागतात, बा देवा, तुझा हुकूम असेल तर उजवा कौल दे, असं म्हणाला आणि आम्ही सगळे "होय म्हाराजा" म्हणालो. मग वाट बघणं सुरू झालं.

पाकळी पडेना. उकाडा असा की अंगाला कापड चिकटत होतं, आणि पाषाणाला पाकळ्याही तशाच चिकटून बसल्या होत्या. मामा डुलक्या घ्यायला लागला. सासरा खांबाशी माळ ओढत होता. पुढे जाऊन उजव्या पाकळीवर हळूच फुंकर मारावी असं माझ्या कितीदा मनात आलं. पण देवाच्या दारात तेवढं धाडस झालं नाही.

मी त्या दोघांच्या अगदी मागे बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. आधी भावोजी बोलला. मान न वळवता, पाषाणाकडे बघत त्याने मुलीबद्दल विचारलं, चेडू जेवतं ना नीट? अक्काने सांगितलं, जेवतं, पण सुंगटाच्या कालवणाशिवाय भाताला हात लावत नाही. तो म्हणाला, माझ्यावर गेलंय.

"चवथीक धाडशीत मा तिका?" त्याने विचारलं.

"धाडीन. शिमग्याकय धाडीन."

"आणि शाळेत नाव माझाच रवांदे."

"रवात."

त्यानंतर ती दोघं एकेक गोष्ट काढून मिटवत गेली. आजारीपाजारी कोणी कोणाला कळवायचं, देवबागेच्या आजीला भेटायला मुलीला कधी आणायचं. ओसरीवर इतक्या बैठका घेऊन जे जमलं नव्हतं, ते त्या चटईवर दोघांनी आवाज न चढवता केलं. शेवटी भावोजी म्हणाला, तुझी शिवणाची मशीन एसटीवर चढवू नकोस, मोडेल. मी स्वतः टेंपोने कुडाळला आणून देतो. त्यावर अक्का हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्यासाठी आपणहून काही करतो म्हणाला होता, आणि तेही तिच्या जाण्यासाठी. तिच्या हसण्यावर तोही हसला.

नेमका तेव्हाच मामा जागा झाला.

त्याने सासऱ्याला कोपराने ढोसलं. सासऱ्याने बघितलं, आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. गुरवाने एकदा पाषाणाकडे बघितलं, एकदा चटईकडे.

"देवान जोडपा बोलता केल्यान," तो म्हणाला. "आता वेगळो कौल कित्याक व्हयो?"

पाकळ्या अजून जागच्या जागी होत्या. त्याने तांब्यातलं पाणी ओतून त्या धुऊन काढल्या. मी मामाजवळ गेले आणि सांगितलं की ती दोघं वेगळं कसं व्हायचं तेच बोलत होती, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मामाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"अगो, बोलत होती मा?" तो म्हणाला. "तिका ताच व्हया होता."

ओसरीवर तिने स्वतःच सांगितलं होतं, तो बोलत नाही म्हणून. भावोजी उठून "बाबानु, आमी" एवढं म्हणाला, पण गुरवाने आभाराचं गाऱ्हाणं सुरू केलं होतं, आणि गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोलत नाही. बा देवा म्हाराजा, ही दोघं आज एक झाली, ती अशीच सुखाने नांदूदेत. सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. भावोजीचे ओठ हलले. सासरा रडत रडत अक्काच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. गुरव तिच्या तोंडाकडे बघत थांबला, तेव्हा तीही म्हणाली, "होय म्हाराजा."

त्याच संध्याकाळी तिला परत देवबागेला पोचवली. कुडाळची खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली. मशीन देवबागेतच पडवीत राहिली आणि तिच्यावर अक्का आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागली. मी जायचे तेव्हा भावोजी नमस्कार करायचा आणि होडीकडे निघून जायचा. ती दोघं पुन्हा बोलली नाहीत. आधी त्याला बोलायचं नव्हतं म्हणून बोलत नव्हता. आता चारचौघांत एक शब्द निघाला की कोणीतरी हात जोडून देवाचे आभार मानायचं, म्हणून दोघंही गप्प असायची. मला एवढा संताप यायचा, पण तो काढायचा कोणावर? मामावर? तो तर दर वर्षी त्यांच्या नावाने देवाला नारळ ठेवत होता.

मामाच्या या यशाचा बोलबाला झाला. कोणाचं बिनसलं की लोक त्याला बोलवायला लागले आणि तो अक्काला सोबत न्यायला लागला. बघा, ही माझी भाची, हीसुद्धा सोडायला निघाली होती. काही वर्षांनी आमच्या नात्यातली एक मुलगी नवऱ्याला सोडून माहेरी आली, तेव्हाही त्याने अक्काला बोलावणं धाडलं. मी तिच्याबरोबर गेले. बाहेर बैठक चालली होती, दुसऱ्या दिवशी कौल लावायचं ठरत होतं. मामाने अक्काला आत पाठवलं, पोरीला दोन शब्द समजुतीचे सांग म्हणून.

पोरगी चुलीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिने अक्काकडे आशेने बघितलं. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की हिच्या बाबतीत देव पावला. तिने विचारलं, अक्का, मी काय करू?

अक्काने दार लोटून घेतलं. तिच्याजवळ उकिडवी बसली.

"फाल्या कौलाक तुका तेच्या बाजूक बसयतीत," ती म्हणाली. "पाकळी पडासर तेच्याशी बोलू नको. तो बरा बोललो तरी बोलू नको. आणि हसू तर अजिबात नको."

पोरीला काही कळलं नाही. तिने मान हलवली. बाहेरून मामाने हाक मारून विचारलं, समजावलंस ना गो बाय? अक्का उठली, पदर नीट केला आणि म्हणाली, "होय मामा."