हुसेनमियांचं मशीन डावीकडे का सरकायचं

शेजाऱ्याकडे मशीन असलं की किस्से आपोआप साठतात. मी तर शिंपी, त्यातून चौकस. हात मशीनवर आणि कान रस्त्यावर. साठ सालानंतरची गोष्ट, तेव्हा आखाताकाठच्या आमच्या रास अल खैमात धड रस्तेही नव्हते.

हुसेनमियां रत्नागिरीकडचे, त्यांच्या खोलीची आणि माझ्या दुकानाची भिंत एकच. आधी गलबतावर खलाशी. वादळात सख्खा भाऊ डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून दर्या नको म्हणून इथे एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर चालवत होते. ट्रॅक्टर छोटासा. मागे खोदायचा लांब हात, त्याच्या टोकाला लोखंडी बकेट, आणि खोदताना जमिनीवर टेकवायला दोन लोखंडी पाय.

गावाबाहेर गोड्या पाण्याची विहीर खणायची होती. वाळूखालची जमीन कडक. बकेट रुतली की माती येण्याऐवजी ट्रॅक्टरच घसरायचा. ठेकेदारसाहेबांनी सांगून टाकलं, "हुसेन, मशीन गड्ढे में गया तो तुम अगली लाँच से घर."

घर म्हणजे पुन्हा गलबत. पुन्हा दर्या.

*

पहिला उपाय टायरचा. हुसेनमियांनी जुना टायर कापून दोन्ही पायांखाली तारेनं आवळला. आम्ही चारजण बघायला उभे. बकेट रुतली, मशीन घसरलं, आणि रबर तारेसकट जागच्या जागी राहिलं.

"रबर तुमचं ऐकतंय मियां," मी म्हणालो, "मशीनला समजवा."

ते हसले नाहीत. "करीमभाई, खड्डा मागे आहे ना? मग मशीन मागे यायला हवं. हे डावीकडे का गेलं?"

डावीकडे काहीच नव्हतं. सपाट माळ, एक झुडूपसुद्धा नाही.

*

मग त्यांनी पायांना खालून लोखंडी दात वेल्डिंग करून घेतले. वाटलं, आता काय सरकतंय! सरकलं. दातांनी जमिनीत दोन चर पाडले, दोन्ही डावीकडे वळलेले.

"तिकडे उतार असणार," मी म्हणालो.

हुसेनमियांनी बशीत पाणी ओतून जमिनीवर ठेवलं. पाणी उजव्या काठाला जमलं. म्हणजे मशीन चढावर घसरत होतं.

मी म्हणालो, "बशी वाकडी असेल." त्यांनी बशी फिरवून ठेवली. पाणी पुन्हा उजवीकडेच.

*

तिसरा उपाय माझा. गोणपाटाच्या पिशव्या शिवल्या, दुहेरी टाका, वर मेण लावलेला दोरा. ओली वाळू भरून चाकांपुढे आणि पायांपाशी रचल्या. मशीन हललं नाही. दुपारपर्यंत मी सगळ्या बाजाराला सांगून आलो.

जेवून परतलो तर मशीन हातभर डावीकडे. पिशव्या उघड्या, आतली वाळू मात्र पिशवीच्या आकारात तशीच उभी. ठेकेदारसाहेब हसले, "क्या मास्टर, कच्चा सिलाई?"

मी दोरा उचलून पाहिला. सबंध होता. टाके तुटले नव्हते, कुणीतरी बसून उसवले होते.

*

शेवटी खलाशाचं डोकं चाललं. हुसेनमियांनी बंदरावरून गलबताचा जुना नांगर आणला, उजवीकडे लांब पुरला आणि दोर मशीनला बांधला. पण सवय बोटीची! दोर ढिला सोडला.

"अहो, ताणून बांधा," मी म्हणालो.

"ढील नाही दिली तर बोट फुटते करीमभाई."

"ही बोट नाहीये मियां."

इंजिन बंद करून आम्ही सावलीत चहा घ्यायला बसलो. भर दुपार, वारा पडलेला. इतक्यात काहीतरी गुणगुणायला लागलं. पाहतो तर दोर ताणला गेला होता, भरतीच्या वेळी बंदरात ताणतो तसा. मशीनवर कुणी नव्हतं.

हुसेनमियांचा चहा तसाच राहिला.

*

वाळवंटात फिरणारा एक म्हातारा बदू शेळ्या घेऊन रोज तिथून जायचा. डावीकडच्या त्या सपाट जागेपाशी आल्या की शेळ्या दोन्हीकडून वळसा घालायच्या, मध्ये एकही पाय टाकत नसत. हुसेनमियांनी त्याला मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, "तिथे काय आहे?"

"पाणी," तो म्हणाला.

"गोड?"

"फार गोड," म्हातारा म्हणाला आणि शेळ्यांमागे चालू लागला. त्याच्या खांद्यावरच्या पखालीत लांबच्या विहिरीचं खारट पाणी होतं.

*

ठेकेदारसाहेबांनी शेवटचा दिवस दिला. त्या सकाळी धुकं इतकं दाट, की मशीनचा आवाज यायचा, मशीन दिसायचं नाही. हुसेनमियांनी दोर सोडला आणि मशीन थेट त्या सपाट जागेवर नेलं. ना टायर, ना पिशव्या. बकेट रुतली आणि मशीन बोटभरही हललं नाही. धुकं विरायच्या आत पाणी लागलं. गोड. ठेकेदारसाहेब ओंजळीनं प्यायले आणि म्हणाले, "हुसेन, खलास, काम हो गया! तुम पर्मनंट."

आता मशीन बाहेर काढायचं, तर ते निघेना. इंजिन पूर्ण ताकदीनं ओरडतंय, पुढची चाकं उचलली जातायत, आम्ही सगळे दोर ओढतोय, आणि मशीन ढिम्म. पायांखाली चिखल नव्हता, दगड नव्हता, काही नव्हतं.

हुसेनमियांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, चपला काढल्या, खड्ड्याच्या कडेला पालथे पडले आणि कान आत लावला. बराच वेळ. मग हळूच काहीतरी बोलले, उठले, इंजिन सुरू केलं. मशीन पहिल्या गियरमध्ये अलगद बाहेर आलं.

त्याच दिवशी त्यांनी किल्ली परत केली. ठेकेदारसाहेबांनी समजावलं, चिडले, पण मियां ऐकेनात. मी त्यांची ट्रंक घेऊन बंदरावर गेलो. लाँच सुटायला आली तेव्हा मला राहवेना.

"मियां, ज्या दर्याला भ्यालात तिकडेच परत निघालात. निदान सांगा तरी, खड्ड्याला काय विचारलंत?"

"मी कुठे विचारलं करीमभाई," ते फळीवर पाय ठेवत म्हणाले. "विचारलं आतून, 'इथेच राहतोस का?' मी फक्त 'नाही' म्हणालो."